एकच लोहार, एकच पाणी, दोन कोयते. मग एक मऊ आणि एक ठिसूळ का?

कुळागर:
नमस्कार मंडळी. प्रश्न साधाच आहे पण पंधरा दिवस डोकं खातोय म्हणून इथे टाकतो. आमचं गोव्यात प्रियोळला कुळागर आहे, म्हणजे माड-सुपारीची बाग, त्यात दोन कोयते चालतात. एक आजोबांचा, निदान साठ वर्षांचा, झिजून झिजून चवथीच्या चंद्रासारखा झालेला. दुसरा गेल्या वर्षी केलेला, ट्रकच्या कमानीच्या पाट्याचा. पावसाआधी दोन्ही आमच्या लोहाराकडे नेले. त्याने माझ्यासमोर एकाच भट्टीत लाल केले, एकाच डोणीतल्या पाण्यात बुडवले, एकाच सहाणेवर धार लावली. घरी आणले. आजोबांचा कोयता पहिल्याच शहाळ्यावर मुडपला, धार जस्ताच्या पत्र्यासारखी वळली. आणि नवीन कोयत्याचा माडाच्या पिड्ड्यावर, म्हणजे झावळीच्या जाड देठावर, घाव घातला तर नखाएवढा टवका उडाला, वर जवळच केसासारखी चीर दिसते.

परत गेलो तर लोहार नवीन कोयत्याबद्दल काहीच बोलला नाही, आजोबांचा मात्र हातात घेऊन म्हणाला, "हाचो जीव गेला रे, हाका आतां उदक चडचें ना." म्हणजे याला आता पाणी चढणार नाही. आता जीव गेला म्हणजे काय? मी बी.कॉम. आहे, मला कोणीतरी मुळापासून सांगा. तापवून पाण्यात बुडवल्यावर लोखंड कडक होतंच का मुळात? तांब्याचा तांब्या तापवून पाण्यात टाकला तर तो तर मऊच राहतो.

साळक:
तांब्याचा तांब्या कशाला तापवलास ते आधी सांग 😄

कुळागर:
लहानपणी. आजीने त्याच तांब्याने मारलं होतं.

वेर्णा_शिफ्ट:
कुळागर बाब, मी वेर्ण्याच्या कारखान्यात हीट ट्रीटमेंटच्या शॉपमध्ये आहे, पोलाद तापवायचं आणि थंड करायचं, रोजचंच काम. तुमच्या नवीन कोयत्याचं उत्तर एका ओळीत: कमानीचा पाटा पाण्यात बुडवायचा नसतो, तेलात बुडवायचा. तो साधा कार्बन स्टीलचा नसतो, आपल्याकडे बहुतेक एन-४५ किंवा त्याच्या जवळपासचं काहीतरी असतं, म्हणजे कार्बन साधारण अर्धा टक्का आणि वर सिलिकॉन, मँगनीज. हे घातलेलं स्टील सावकाश थंड केलं तरी कडक होतं. त्याला पाण्याचा झटका दिला की क्रॅक. आमच्याकडे नवीन पोरगा चुकून तेलात बुडवायचा जॉब, म्हणजे कामाचा तुकडा, पाण्यात टाकतो तेव्हा टाकीतूनच टिंग असा आवाज येतो, सुपरवायझर मान वर न करता विचारतो, कितवा?

आणि दुसरं, बुडवल्यावर पुन्हा हलकं तापवलं का त्याने? टेम्परिंग? नसेल केलं तर कोयता काचेसारखाच राहणार.

कुळागर:
नाही बहुतेक. बुडवला, पुसला, दिला. शिवाय फोनवर बोलत होता.

सळई_सिमेंट:
घर बांधताना आपण जी टीएमटी सळई वापरतो ती हेच तर आहे. रोलिंगमधून लालभडक बाहेर येते, वरून पाण्याचा मारा, बाहेरची साल कडक होते, मग आतली उष्णता बाहेर येते आणि सालीचं टेम्परिंग आपोआप होतं. कापून घासून अॅसिड लावलं की गोल कडं दिसतं, बाहेर काळपट, आत फिकट. साइटवर माल तपासायला मी करून बघितलंय.

अभिमानी_गोंयकार:
हे सगळं आपल्या पूर्वजांना हजारो वर्षांपूर्वी माहीत होतं. दिल्लीचा लोहस्तंभ बघा, १६०० वर्षं गंज नाही. दमास्कसच्या तलवारी ज्या पोलादाच्या होत्या ते दक्षिण भारतातून जायचं. इंग्रजांनी इथून विद्या चोरली आणि आता आपण वेर्ण्याला नोकरी करतो.

वेर्णा_शिफ्ट:
नोकरी करतो म्हणून काय झालं, पगार येतो की.

जुना_चश्मा:
अभिमानी बाब, अर्धं बरोबर आहे तुमचं, म्हणून उरलेल्या अर्ध्याचं वाईट वाटतं. दिल्लीचा स्तंभ पोलाद नाहीच, ते घडीव लोखंड आहे, कार्बन अगदी कमी. तो गंजत नाही याचं एक मोठं कारण त्यातला फॉस्फरस. त्याची धार लावायची म्हटली तर आजोबांच्या कोयत्यासारखीच मुडपेल.

पण दक्षिणेतलं पोलाद खरंच जगात एक नंबर. कन्नडमध्ये उक्कु म्हणतात, त्याचंच इंग्रजांनी वूट्झ केलं. मातीच्या मुशीत घडीव लोखंडाचे तुकडे, त्यावर तरवडाची लाकडं, रुईची पानं, तोंड मातीने लिंपून बंद, आणि भात्यावर तासन् तास. पानालाकडातला कार्बन लोखंडात शिरतो, लोखंड वितळतं, खाली साधारण दीड टक्का कार्बनचा गोळा मिळतो. आता गंमत ऐका. १७९५ साली जॉर्ज पिअर्सनने लंडनच्या रॉयल सोसायटीत वूट्झवर निबंध वाचला. पुढे १८१९ च्या सुमारास मायकेल फॅरडे, हो तोच विजेचा, लोहाराचा मुलगा होता तो, वूट्झच्या मागे लागला आणि सुरुवातीला त्याचं मत झालं की यात अॅल्युमिना आणि सिलिका आहे म्हणून हे असं. म्हणजे चुकलाच. तिकडचे लोहार हा गोळा आपल्या सवयीप्रमाणे पांढराशुभ्र तापवून ठोकायचे आणि तो भुसा व्हायचा, कारण इतक्या कार्बनच्या पोलादाला कमी तापवून ठोकावं लागतं. आपल्या लोहाराला ते हाताने माहीत होतं. कारण विचारलं असतं तर त्यालाही सांगता आलं नसतं, आणि फॅरडेलाही आलं नाही. इथे कोणाची विद्या चोरीला गेली ते मला कळत नाही, कारण 'का' हे तेव्हा कोणाच्याच पेटीत नव्हतं.

अभिमानी_गोंयकार:
कसं करायचं ते माहीत होतं ना? तेच मोठं. पोर्तुगीज अल्बुकर्कने गोवा घेतला १५१० ला आणि तीनच वर्षांत त्याने राजाला पत्र लिहून इथल्या बंदुका करणाऱ्या कारागिरांची बरोबरी बोहेमियाच्या कारागिरांशी केली होती. ते लोहार काय लिस्बनहून आले होते?

जुना_चश्मा:
हे मात्र शंभर टक्के मान्य. घ्या, एक शहाळं माझ्याकडून.

साळक:
शहाळं कोणत्या कोयत्याने फोडणार 🙄

वैद्य_माशेल:
पाण्याचा विषय निघाला म्हणून. आमच्या सुश्रुतात शस्त्रांबद्दल वाक्य आहे, "तेषां पायना त्रिविधा क्षारोदकतैलेषु". म्हणजे शस्त्रांना पाजणं तीन प्रकारचं: क्षारात, पाण्यात, तेलात. पायना म्हणजे पाजणं, आपण आजही कोयत्याला पाणी पाजलं म्हणतो ना, तोच मूळ शब्द. आणि पुढे वाटणी पण दिलीय: बाण आणि हाड कापायची शस्त्रं क्षारात पाजलेली, मांस कापायची पाण्यात, आणि शीर टोचायची, स्नायू कापायची तेलात. विद्यार्थी असताना पाठ केलं होतं, अर्थ आत्ता वेर्णा भाऊंचं वाचून डोक्यात शिरला.

वेर्णा_शिफ्ट:
वैद्यबुवा, खुर्चीतून उठलो वाचून. हे आमच्या शॉपच्या भिंतीवर लावलेल्या तक्त्यासारखंच आहे!! साध्या पाण्यात लाल जॉब टाकला की त्याच्याभोवती वाफेचं पांघरूण होतं आणि उष्णता अडते. पाण्यात मीठ किंवा कॉस्टिक घातलं की ते पांघरूण लवकर फुटतं, म्हणून थंड होण्याचा वेग सगळ्यात जास्त. मग साधं पाणी. मग तेल, सगळ्यात सावकाश. हाडासाठी सर्वात कडक, शिरेसाठी बारीक शस्त्र, ते वाकडं होऊ नये, तडकू नये म्हणून तेल. क्रम तंतोतंत.

वैद्य_माशेल:
आणि वराहमिहिराच्या बृहत्संहितेत तलवारीसाठी केळीची राख ताकात घालून एक दिवस ठेवायची आणि त्यात पाजायचं असं आहे.

साळक:
सोलकढी चालेल का?

मोरजी_किनारा:
हसू नका, युरोपात याहून भारी होतं. बाराव्या शतकातला थिओफिलस नावाचा एक साधू लिहितो की बोकडाला तीन दिवस बांधून ठेवा, नेचे खायला घाला आणि त्याच्या मुतात हत्यार बुडवा. नाहीतर लाल केसांच्या लहान पोराचं.

साळक:
मोरजीला परदेशी पाहुण्यांची लाल केसांची पोरं पुष्कळ, पण त्यांच्या आयांना विचारणार कोण, तू?

मोरजी_किनारा:
मी बोकड शोधतो.

वेर्णा_शिफ्ट:
मुतात क्षार असतात, वाफेचं पांघरूण फुटत असेल, एवढंच विज्ञान त्यात. नेच्यांचा काही संबंध नाही.

कुळागर:
मंडळी सगळं मस्त चाललंय पण माझा मूळ प्रश्न डोणीत बुडाला. कडक का होतं?

जुना_चश्मा:
माफ करा. हे मी पोरांना वर्गात सांगायचो, आता तुम्हाला. लांब आहे, चहा घेऊन बसा.

माणसाने बुडवून कडक करणं फार आधी शिकलं. ओडिसी या ग्रीक महाकाव्यात सायक्लोप नावाच्या एकडोळ्या राक्षसाच्या डोळ्यात जळता वासा घुसवतात तेव्हा होमर म्हणतो की लोहार तापलेली कुऱ्हाड थंड पाण्यात बुडवतो तेव्हा जसा चर्र आवाज होतो तसा झाला. म्हणजे त्या काळी श्रोत्यांना हा आवाज ओळखीचा होता. पण समजूत काय होती, तर पोलाद म्हणजे आगीत तावून सुलाखून शुद्ध केलेलं लोखंड. हे दोनेक हजार वर्षं चाललं. आणि खरं नेमकं उलटं आहे. पोलाद म्हणजे लोखंडात काहीतरी मिसळलेलं. हे पहिल्यांदा नीट रुळावर आणलं फ्रान्सच्या रेओम्यूरने, १७२२ साली. तो म्हणाला बिडाचं लोखंड, पोलाद, घडीव लोखंड या एकाच शिडीच्या पायऱ्या आहेत, एका पदार्थाचं प्रमाण कमीजास्त, आणि तापवल्यावर तो पदार्थ आत हलतो, बुडवल्यावर अडकतो. त्याने त्याला 'गंधक आणि क्षार' म्हटलं कारण तेव्हाची भाषाच ती. नाव चुकलं, कल्पना बघा किती जवळ. १७८१ ला स्वीडनच्या बर्गमनने लोखंड, पोलाद आणि बीड अॅसिडात विरघळवून खाली उरणारा काळा गाळ मोजला. १७८६ ला पॅरिसच्या तिघांनी, वांदेरमाँद, बर्तोले आणि माँज, सांगितलं की तो गाळ म्हणजे कार्बन. पुढे तर १७९९ च्या सुमाराला एक हिरा लोखंडाच्या बंद मुशीत तापवून त्याचं पोलाद करून दाखवलं. हिरा म्हणजेच कार्बन, म्हणून.

साळक:
हिरा जाळला?? त्या बायकोचं काय झालं असेल.

जुना_चश्मा:
तिचा उल्लेख नाही, ताई.

तर कार्बन कळला. पण कार्बन असलेलं तेच पोलाद सावकाश थंड केलं तर मऊ आणि पटकन केलं तर काच, हे का, ते कार्बन मोजून कळत नाही. कार्बन तेवढाच आहे ना दोन्हीकडे! इथे शेफिल्डचा हेन्री क्लिफ्टन सॉर्बी येतो. घरचा श्रीमंत, नोकरीची गरज नाही, दगडांचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकात बघायचा छंद. १८६३-६४ ला त्याने तेच लोखंडावर केलं. आरशासारखं घासायचं, पातळ नायट्रिक अॅसिड लावायचं आणि बघायचं. लोकांनी दगडफोड्या समजून दुर्लक्ष केलं. वीसएक वर्षांनी जास्त ताकदीच्या भिंगाखाली त्याला मोत्यासारखा चमकणारा जो भाग दिसत होता त्यात अगदी बारीक थर दिसले, एक मऊ, एक कडक, एक मऊ, एक कडक.

सळई_सिमेंट:
बेबिंका! आपला थरावर थर दिलेला गोड पदार्थ!

जुना_चश्मा:
बेबिंकाच. याहून चांगली उपमा मी तीस वर्षांत दिली नाही. मऊ थर जवळजवळ शुद्ध लोखंडाचा, कडक थर लोखंड-कार्बनच्या संयुगाचा. याला मोत्यावरून पर्लाइट नाव पडलं. सावकाश थंड केलेल्या पोलादात हे थर. आणि बुडवलेल्या पोलादात थरच नाहीत! तिथे सुया, एकमेकांत घुसलेल्या. या सुयांना १८९५ साली फ्रान्सच्या ओस्माँने मार्टेन्साइट म्हटलं, जर्मनीच्या आडोल्फ मार्टेन्सच्या नावाने. मार्टेन्स मूळचा रेल्वेच्या पुलांचा इंजिनियर, तोही स्वतःच्या हौसेने सूक्ष्मदर्शक घेऊन बसलेला.

त्याच्या आधी १८६८ ला रशियाच्या चेर्नोवने एक महत्त्वाचं सांगितलं होतं. तोफांच्या नळ्या फुटायच्या म्हणून त्याला कामाला लावलं. तो म्हणाला, पोलाद एका ठराविक लालीच्या पलीकडे तापवलं नसेल तर कितीही पटकन बुडवा, कडक होणार नाही. त्या बिंदूला त्याने नुसतं 'अ' म्हटलं. तापमान मोजायचं चांगलं साधन नव्हतं, डोळ्याने रंग बघून काढलं.

ऐरण:
हे माझे आजो पण सांगायचे, चेर्नोव न वाचता. आमचं पेडण्याकडचं घराणं, लोहारकाम. आता भट्टी बंद आहे, मी बँकेत. आजो भट्टी नेहमी काळोखात ठेवायचे, उन्हात रंग फसवतो म्हणायचे. आणि एक युक्ती, दोरीला लोहचुंबक बांधून तापलेल्या पात्याला लावून बघायचे. चिकटला तर अजून वेळ आहे. चिकटायचा बंद झाला की थोडं अजून, मग डोणीत.

वेर्णा_शिफ्ट:
चुंबक ७७० डिग्रीच्या आसपास सोडतो, अजून थोडं म्हणजे ८०० च्या वर. बरोब्बर लागतं तेवढं. सलाम तुमच्या आजोंना.

कुळागर:
सर, सुया झाल्या, बेबिंका झाला. पण का??

जुना_चश्मा:
आलोच. यावर मोठं भांडण झालं, वीसतीस वर्षं. ओस्माँचं म्हणणं, लोखंडाचाच एक कडक अवतार असतो, बीटा लोखंड, आणि बुडवल्याने तो अडकून राहतो. शेफिल्डच्या अर्नॉल्डचा पक्ष म्हणे, नाही हो, सगळं काम कार्बनचं. दोघेही एकमेकांवर तुटून पडायचे. निकाल लावला क्ष-किरणांनी. १९२१-२२ च्या सुमारास स्वीडनच्या वेस्टग्रेनने तापलेल्या लोखंडाचे क्ष-किरण फोटो काढले आणि बीटा लोखंड नावाची वेगळी रचना नाहीच असं दिसलं. पण तापल्यावर लोखंडाचे अणू आपली बसायची पद्धत बदलतात हे ओस्माँचं खरं निघालं. आणि १९२६ ला अमेरिकेत फिंक आणि कॅम्पबेल यांनी दाखवलं की बुडवलेल्या पोलादात अणूंचा चौकोनी ठोकळा एका बाजूने ताणलेला असतो. कशाने ताणलेला? आत कोंबलेल्या कार्बनने.

आता बसची उपमा देऊन सांगतो. लाल तापलेलं लोखंड म्हणजे अणू अशा रीतीने बसलेत की एकूण दाटीवाटी जास्त पण मध्ये मध्ये एकेक ऐसपैस पोकळी. त्या पोकळीत कार्बनचा अणू आरामात बसतो. पाऊण टक्का कार्बन म्हणजे लोखंडाच्या दर अठ्ठावीसेक अणूंमागे कार्बनचा एक. थंड होताना लोखंड बसायची पद्धत बदलतं, आणि नवीन पद्धतीत पोकळ्या पुष्कळ पण अगदी चिमुकल्या. कार्बनला जागा नाही. सावकाश थंड केलं तर तो उतरून बाजूला जातो, आपला वेगळा थर करतो, झाला बेबिंका. पण पाण्यात टाकलं तर त्याला उतरायला वेळच नाही, कदंबाच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, गच्च भरलेल्या बसमध्ये दार लागलं आणि बस सुटली. सगळे अणू एकदम सरकतात, आवाजाच्या वेगाच्या जवळपास, आणि कार्बन आहे तिथेच अडकतो, शेजाऱ्यांना ढकलत. पोलादाला वाकायचं तर अणूंच्या ओळी एकमेकांवरून घसरायला हव्यात. त्या घसरायला जागाच उरत नाही. म्हणून कडक. म्हणून ठिसूळ पण. नंतर हलकं तापवलं की काही कार्बन उतरतो, ताण सैल होतो. तांब्यात ना कार्बन ना बसायची पद्धत बदलणं, म्हणून तुमचा तांब्या मऊ.

कुळागर:
आजीने हे ऐकलं असतं तर बरं झालं असतं. कळलं सर. पहिल्यांदा कळलं.

वेर्णा_शिफ्ट:
यात एक भर. ही बस सुटते तेव्हा थोडी फुगते पण, म्हणजे आकारमान वाढतं. कोयत्याची पातळ धार आधी फुगते, जाड पाठ नंतर, दोघांची ओढाताण, आणि टवका. जपानी तलवारीचा बाक असाच येतो, पाठीला मातीचा जाड लेप, धारेला पातळ. धार कडक होऊन फुगते आणि पातं मागे वळतं.

बार्जवाला:
जपान म्हटलं म्हणून आलो. आम्ही बाबा, काका सगळे बार्जवर. मांडवीतून, जुवारीतून मुरगांव बंदराला. पोर्तुगीज होते तेव्हापासून आमची लोहखनिजाची माती जपानला जायची. त्यांच्या तलवारीत गोव्याचं लोखंड असणार.

जुना_चश्मा:
नाही हो, त्यांच्या जुन्या तलवारी त्यांच्या नदीतल्या लोहवाळूच्या. तुमचं खनिज गेलं त्यांच्या मोठ्या भट्ट्यांत, त्याच्या गाड्या, जहाजं, पूल झाले.

बार्जवाला:
म्हणजे आपल्याकडे फिरून आलं असेल तर टेम्पो होऊन. बरं. २०१८ ला खाणी थांबल्या, बार्ज धक्क्याला गंजत पडल्या. डिचोलीत बसून लोखंडाचे डोंगर बघतो आणि कोयता करायचा तर भंगारवाल्याकडे कमानीचा पाटा शोधतो. हसावं का काय.

सळई_सिमेंट:
आमोण्याला पिग आयर्न तयार होतं ना?

जुना_चश्मा:
होय, पण पिग आयर्न म्हणजे बीड, त्यात चारेक टक्के कार्बन, घणाचा घाव घातला की तुकडे. तो जास्तीचा कार्बन जाळून काढला की पोलाद. हे स्वस्तात करायची युक्ती बेसेमरने १८५६ ला जाहीर केली, वितळलेल्या बिडातून हवा फुंकायची, कार्बन जळून जातो, वर जळण लागत नाही. त्याच्या आधी पोलाद म्हणजे महागाईची वस्तू. शेफिल्डलासुद्धा लोखंडाच्या पट्ट्या कोळशात पुरून आठआठ दिवस तापवायच्या, मग १७४० च्या दशकात हंट्समनने मुशीत वितळवून केलं, म्हणजे आपल्या दक्षिणेतल्या मुशीचाच भाऊ. महाग म्हणून पूर्ण हत्यार पोलादाचं कोणी करत नसे.

ऐरण:
थांबा थांबा. सरांचं शेवटचं वाक्य. कुळागर बाब, तुमचा आजोबांचा कोयता साठ वर्षांचा म्हणालात ना? आमचे आजो कोयता करताना पातं साध्या लोखंडाचं करायचे आणि धारेला तेवढी पोलादाची पट्टी घालायचे, लाल नाही, पांढरा होईपर्यंत तापवून, टाकणखार टाकून, दोन्ही ठोकून एक करायचे. त्या पट्टीला तिखें म्हणायचे. जुनं माणूस अजून म्हणतं, कोयत्याला तिखें बरं पडलंय. मला वाटतं तुमच्या लोहाराला जीव म्हणजे हेच म्हणायचंय. साठ वर्षं सहाणेवर घासून तिखें संपलं असेल. उरलं नुसतं लोखंड, त्यात कार्बन नाही, पाणी कशाला चढणार?

वेर्णा_शिफ्ट:
अरे वा. हे माझ्या डोक्यात आलंच नाही. मी आपला, नीट तापवला नसेल, चेर्नोवच्या अ च्या खाली राहिला असेल, असं धरून बसलो होतो. कुळागर बाब, कानस घेऊन धारेवर घासून बघा. कडक जागी कानस घसरते, मऊ जागी चावते.

कुळागर:
आत्ता केलं. टोकाकडे चावते, लोण्यासारखी. पण मुठीजवळच्या दोनेक इंचात घसरते!

जुना_चश्मा:
मग करा सॉर्बी. घासा, अॅसिड लावा, बघा. तिखें आणि लोखंड वेगवेगळे काळवंडतील.

कुळागर:
नायट्रिक अॅसिड मी कुठून आणू?

साळक:
माडाचं विनेगर घाल की. माझ्याकडे सोरपोटेलासाठी, डुकराच्या मटणाला, आणलेलं उरलंय, म्हापशाच्या बाजारातलं, नाकात गेलं तरी डोळ्यातून पाणी.

वेर्णा_शिफ्ट:
साळकताई मस्करीत बोलल्या पण चालेल. रात्रभर ठेवा. आधी पॉलिश पेपरने चढत्या नंबरने घासा, १२०, ४००, ८००. साबणाने धुवा, बोटाचं तेल लागू देऊ नका.

अभिमानी_गोंयकार:
शेवटी गोव्याच्या माडानेच काम केलं तर मला सांगा.

*(दोन दिवसांनी)*

कुळागर:
झालं. शनिवारी संध्याकाळभर घासला, बायको म्हणाली घरातली भांडी कधी अशी घासली नाहीस. रात्री मातीच्या लांब पन्हळीच्या तुकड्यात विनेगर ओतून धार बुडवून ठेवली. सकाळी धुतला.

मंडळी, मुठीपासून निघालेली एक काळपट राखाडी पट्टी धारेच्या कडेने पुढे येते, मुठीजवळ बोटभर रुंद. मग निमुळती होत होत अर्ध्या पात्यावर संपते, अक्षरशः धारेवरून बाहेर निघून जाते. त्यापुढे सगळं फिकट, आणि त्या फिकट भागात लांब लांब रेषा, लाकडाच्या शिरांसारख्या. आणि पट्टी आणि लोखंडाच्या सांध्यावर एक पांढरट रेघ. हे सगळं साठ वर्षं आमच्या घरात होतं आणि दिसत नव्हतं. आजोबा पुढच्या अर्ध्या पात्यानेच काम करायचे, तेवढंच झिजलंय.

भिंग लावून बघितलं, सुया काही दिसल्या नाहीत.

जुना_चश्मा:
सुयांना शेकडो पटीचं भिंग लागतं. त्या रेषा म्हणजे घडीव लोखंडातली मळी, भट्टीतला उरलेला मळ, ठोकताना लांब झालेली. म्हणजे पातं खरंच जुन्या तऱ्हेच्या घडीव लोखंडाचं आहे. फोटो टाका, माझा एक जुना विद्यार्थी आहे त्याला दाखवतो.

ऐरण:
वाचताना अंगावर काटा आला. आजो असते तर म्हणाले असते, एवढा उपद्व्याप कशाला, मी ठोकून आवाजावरून सांगितलं असतं.

कुळागर:
आज कोयता घेऊन लोहाराकडे गेलो, पट्टी दाखवली. त्याने एक नजर टाकली, म्हणाला, "तेंच तुका सांगतालों." मग विचारलं नवीन तिखें घालशील का. म्हणाला भट्टी तेवढी तापवावी लागेल, टाकणखार मी आणतो, तू एखादी जुनी झिजलेली कानस घेऊन ये, तिच्यात तिखें बरं असतं. आणि कमानीच्या कोयत्याबद्दल मी हळूच तेलाचं काढलं, तर गप्प बसला, मग म्हणाला खोबरेल की इंजिनचं?

वेर्णा_शिफ्ट:
कानशीचं बरोबर सांगितलं त्याने, सव्वा टक्क्याच्या आसपास कार्बन असतो. आमच्याकडे झिजलेल्या कानशींचं पिंप भरलंय, सोमवारी एक आणून देतो, फोंड्याला भेटा. त्याला सांगा जळकं इंजिन ऑइल नको, धूर घाण होतो. आणि बुडवल्यावर धार चकचकीत घासून मागून हलकं तापवायला सांगा, रंग पळतात, आधी गव्हाळ, मग तपकिरी, मग जांभळा. कोयत्याला जांभळा दिसला की लगेच थांबायचं.

साळक:
माझ्या विनेगराचं काय झालं?

कुळागर:
काळं झालंय ताई. पन्हळीतच आहे.

साळक:
राहू दे. रविवारी पाहुणे येणार आहेत, नवरा म्हणतो सोरपोटेल पाहिजेच. नवीन बाटलीचे पैसे तुझ्याकडून.